सिद्धेशची मूठ

माझं काम काय, हे ऐकलं की लोक आधी हसतात. मी मक्याला मक्यापासून लांब ठेवते. त्याबद्दल मला पगार मिळतो, डोक्याला जाळीची टोपी मिळते आणि गिरणीतल्या सगळ्यांची बोलणी मिळतात.

गिरणी नाहूरला, एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आहे. दोन गाळे. पहिल्यात बेसन, तांदळाचं पीठ, भाजणी असली नेहमीची दळणं होतात. दुसऱ्यात फक्त मका, आणि तोही साध्या बियाण्याचा. त्याचं पीठ परदेशी जातं, तिथल्या तान्ह्या बाळांच्या खाण्यात. गिऱ्हाइकाची अट एकच आहे: जीएम मक्याचा कण नको. जीएम म्हणजे ज्याच्या बियाण्यात प्रयोगशाळेत आतून फेरफार केलाय असं पीक. दिसायला तोच पिवळा दाणा. डोळ्यांना फरक कळत नाही, म्हणून तर मला ठेवलंय. गाडी आली की मी मूठभर दाणे भरडते, पाण्यात कालवते आणि त्यात कागदाची पट्टी बुडवते. एक रेघ उमटली तर साधा मका, दोन उमटल्या तर जीएम. दिवस गेलेत का हे बघायला बायका घरी आणतात, तसलीच पट्टी.

माझी धाकटी बहीण शकु घाटकोपरला शाळेत शिकवते आणि घरी आली की मला सोलते. ‘आजोबांचा जन्म गेला जात मोडण्यात,’ ती म्हणते, ‘आणि तू दाण्यांची जात काढत बसतेस.’ माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. मी तिला सांगते, बाई, मी कुणाला वरचा-खालचा ठरवत नाही, तो मका विष आहे असंही म्हणत नाही. माणसाने एक मागितलं तर त्याच्या पिशवीत दुसरं घालू नये, एवढंच माझं म्हणणं. तिला ते पटतं, पण ती हसायची थांबत नाही.

रुक्मिणीकाकी आमच्याकडे निवडायच्या टेबलावर बसते. मका चाळून आला की त्यातले खडे, किडका दाणा, तुकडा तिचं बोट बाजूला सारतं. ती माझ्या आधीपासून इथे आहे. आमचे मालक श्यामसुंदरशेठ, त्यांचे वडील मुलुंडला साधी पिठाची गिरणी चालवायचे तेव्हापासून. तिचा नवरा गुणाजी परळला कापडगिरणीत होता, ती बंद पडल्यावर वॉचमनकी करायचा. तो गेल्याला वर्ष झालं. एकुलता एक मुलगा सिद्धेश अमेरिकेत आहे.

हे शेवटचं वाक्य आमच्या गिरणीत कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. रोज डबा उघडला की काकी सुरू. सिद्धेशला सर्दी झालीय. सिद्धेशने गाडी बदलली. सिद्धेशच्या गावात बर्फ पडला आणि त्याने फावड्याने स्वतः काढला, अगो, माझ्या झिलान, ज्येका घरात केरसुणी उचलूक सांगितली तर पोटात दुखायचा. बायका ऐकून घ्यायच्या. मी ऐकून घ्यायची आणि तिच्या डब्यातली सोलकढी प्यायची. माझी आई वाशीमला वारली तेव्हापासून मला कुणाच्या तरी डब्यातलं खायची सवय लागलीय.

सिद्धेश ट्रॅक्टर बनवणाऱ्या एका कंपनीत आहे, आयोवात, एका छोट्या गावी. पाच वर्षं तो आलेला नाही. यायचं नाही असं नाही. तिथून एकदा पाय बाहेर काढला की परत आत घेतील की नाही, याचा भरवसा राहिलेला नाही. त्याच्या ओळखीचा एकजण आजीच्या तेराव्याला आला आणि व्हिसाच्या शिक्क्याची वाट बघत इथेच लटकला, तिकडे त्याची नोकरी गेली. म्हणून सिद्धेश हलत नाही. दर वर्षी ‘पुढच्या गणपतीत नक्की’ म्हणतो. गुणाजीकाका गेले तेव्हा त्याने बापाला अग्नी दिलेला फोनवर बघितला. फोन आमच्या मशीनवरच्या जयवंतने धरला होता. जयवंत सांगतो, फोनमधून काहीच आवाज येत नव्हता, मला वाटलं नेटवर्क गेलं.

त्यानंतर काकीने मुलाजवळ एक वेगळंच मागणं मागितलं. गुणाजीकाकांना एक सवय होती. माणूस नवीन भेटला की नाव-गाव झाल्यावर त्यांचा तिसरा प्रश्न ठरलेला असायचा: तुमच्याकडे काय पिकतं? आयुष्य भांडुपच्या टेकडीवर काढलं, पण प्रश्न हाच. काका गेले आणि काकीच्या लक्षात आलं, की स्वतःच्या मुलाला हा प्रश्न कुणी विचारलेलाच नाही.

‘तुमच्याकडे काय पिकता रे?’ तिने विचारलं.

‘मका,’ तो म्हणाला. ‘आई, घराच्या मागे मका, पुढे मका. गाडीने तासभर जा, दुसरं काही दिसत नाही.’

‘मगे माका मूठभर धाड.’

त्याला हसू आलं. पण त्याने कापणी झाल्यावर घरामागच्या शेतात वाकून, सांडलेले दाणे वेचले आणि ठेवले. जूनमध्ये त्याच्या मित्राची आई मुलुंडला परत आली, तिच्या सामानातून ते आले. सोबत चॉकलेटं, गुडघ्याला लावायचं मलम आणि एक लोकरीची शाल, जी मुंबईत घालायची म्हणजे वेड लागायची पाळी. चॉकलेटं काकीने आम्हा सगळ्यांना वाटली. शाल दाखवली. मका तेवढा दाखवला नाही. अमेरिकेतून मुलाने आईला मका पाठवला म्हटल्यावर बायका पोट धरून हसल्या असत्या, हे तिला माहीत होतं. हे सगळं मला पुढे कळलं.

आता मुठीचं सांगते. मुलुंडच्या जुन्या गिरणीत एक रीत होती. दसऱ्याला मशीनला झेंडूचं तोरण बांधायचं, हळद-कुंकू लावायचं आणि मग प्रत्येकाने घरून आणलेली धान्याची एक मूठ मशीनच्या वरच्या तोंडात टाकायची. गावचं नवं भात असेल तर ते, नाहीतर घरात जे असेल ते. वर्षभर आपण दुसऱ्यांचं दळतो, एक दिवस आपलं. त्या सगळ्या मुठींचं मिळून जे पीठ पडायचं त्याचे घावन करून सगळे खायचे. लहानपणी सिद्धेशही यायचा. त्याचा हात पोचायचा नाही म्हणून जयवंत त्याला उचलून धरायचा आणि तो मूठ उघडायचा. मूठ उघडताना डोळे घट्ट मिटायचा, असं काकी सांगते.

नाहूरचा मक्याचा गाळा सुरू झाला आणि मी ती रीत बंद केली. दुसरं काय करणार? तांदूळ, नाचणी, गहू, कुणाच्या तरी घरचे शेंगदाणे, सगळं त्या मशीनमध्ये! मी सगळ्यांना उभं करून सांगितलं, या गाळ्यात बाहेरचा दाणा येणार नाही. पूजा करा, नारळ फोडा, पण बाहेर. जयवंतने तोंड वाकडं केलं. कुणी तरी पुटपुटलं की हिला काय, हिच्या घरी कुठे दसरा. ते मी ऐकलं आणि विसरले नाही.  रुक्मिणीकाकीने मात्र दुसऱ्या दिवशी पदराला झटका मारून, पायपुसण्यावर चपला आपटून, सगळ्यांच्या आधी नियम पाळला.

दसऱ्याला माझी सुट्टी असते. आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरी साडी नेसून मी आणि शकु विहारात जातो. त्या दिवशी गिरणीत पूजा होते, मुहूर्त म्हणून मशीन थोडा वेळ चालवतात आणि पेढे वाटून घरी जातात. या वर्षीही तसंच झालं. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा तोरण जागेवर होतं, गाळा चकचकीत होता आणि पिठाची पहिली गोण शिवून तयार होती.

पहिली गोण महत्त्वाची. मशीनच्या पोटात काही राहिलं असेल तर ते पहिल्या गोणीत येतं. म्हणून गिऱ्हाईक त्या गोणीचा नमुना अंधेरीच्या लॅबमध्ये तपासायला लावतं. मी पाठवला. आम्हाला नेहमी मका पुरवणाऱ्या काशीरामचा माल होता, पट्टीवर स्वच्छ एक रेघ आली होती, मी निर्धास्त होते.

लॅबचा फोन आला तो दिवाळीच्या तोंडावर. नमुन्यात जीएम मका सापडला होता. अगदी थोडा, पण होता.

 जहाजावर चढायला निघालेला सगळा माल थांबला. शेठ केबिनमधून बाहेर आले ते सरळ माझ्याकडे.

‘काशीरामने घोळ केला,’ ते म्हणाले. ‘बाजारातला मका आणून भरला असेल. कटाप करा त्याला. आजच.’

‘शेठ, गाडीची पट्टी क्लीन होती.’

‘मग तुमच्या पट्टीत घोळ आहे. दोघांपैकी एक घोळ आहे ना, मॅडम?’

काशीराम सिल्लोडकडच्या शेतकऱ्यांचा गट सांभाळतो. माझ्या सांगण्यावरून त्या लोकांनी बियाणं वेगळं ठेवलं, कोठ्या वेगळ्या केल्या, गाडी धुऊन मगच माल भरला. आता मी निवडायच्या टेबलापाशी उभी राहून त्यालाच फोनवर धारेवर धरलं. तो आधी चिडला, मग समजावायला लागला, मग नुसता ऐकायला लागला. शेवटी म्हणाला, ‘ताई, आमच्या शिवारात दुसरा दाणाच नाही हो. तुम्ही स्वतः आला होतात ना? भाकर खाल्ली होती ना आमच्यात?’ मी फोन ठेवला. मला स्वतःची लाज वाटली आणि लाज वाटली की मी जास्त ओरडते, त्यामुळे जयवंतवर ओरडले.

जेवायच्या सुट्टीत काकी माझ्यापाशी आली. डबा उघडलेला नव्हता. पदराखालून तिने एक छोटी स्टीलची डबी काढली, हळद ठेवतात तसली, आणि माझ्यापुढे धरली.  तिच्या पिशवीत ती डबी रोजच असायची, हे मला तेव्हा कळलं.

‘संघमित्रा, हो मको बघ गो. हेच्यामुळे तर नाय ना झाला?’

आत पिवळेजर्द दाणे होते. टपोरे, डोक्यावर खळी पडलेले. आमच्याकडे असा दाणा येत नाही.

‘कुठला हा?’

‘सिद्धेशान धाडल्यान. दसऱ्याक एक मूठ घातलंय मी मशीनीत.’

 मी तिला गाळ्याबाहेर बसवलं, तिथेच दोन दाणे फडक्यात बांधून खलबत्त्यात कुटले, पाण्यात कालवले आणि पट्टी बुडवली. आम्ही दोघी त्या पट्टीकडे बघत बसलो. पहिली रेघ आली. मग तिच्याखाली दुसरी, हळूहळू, पण चांगली ठळक.

‘दोन,’ काकी म्हणाली. अशा पट्ट्यांचा अर्थ बायकांना सांगावा लागत नाही. ‘म्हणजे आसा?’

‘आहे, काकी.’

तिने डोळे पुसले नाहीत, कारण रडत नव्हती. तिचा चेहरा नुसता उतरला.

‘काकी, मी इतकं घसा फोडून सांगितलं होतं! बाहेरचा दाणा नको म्हणून! सगळ्यांत जास्त तूच पाळतेस, आणि तूच?’

‘पाळलंय गो,’ ती म्हणाली. ‘तांदूळ नाय घातलंय, नाचणी नाय घातलंय. मक्यात मको घातलंय. आणि भायरचो खय तो? तो सिद्धेशचो. तेणां आपल्या हातान वेचलेलो. ल्हान होतो तेव्हा दर वर्षी मूठ घाली. इतकी वर्सां तेची मूठ चुकली.’

 माझ्याकडे नियम होते आणि तिच्याकडे मुलगा नव्हता. मी तिच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघींनी तिचा जेवणाचा डबा उघडला, पण कुणीच जेवलं नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, ‘काशीरामाक फोन कर. तेचो काय दोष?’

मी फोन केला. आयुष्यात कुणाची माफी मागायला मला इतका त्रास झाला नव्हता. तो मात्र हसला, म्हणाला, ‘ताई, पोराचा मका म्हणता, मग सोडा आता.’

शेठ आधी आडवेतिडवे बोलले. कारण सापडलं म्हणजे माल सुटेल, हे डोक्यात शिरल्यावर नरमले. काकीला काढून टाकायची भाषा त्यांनी केली खरी, पण लहानपणी मुलुंडच्या गिरणीत तिनेच त्यांना पेज भरवलेली, त्यामुळे ती भाषा दुपारपर्यंत टिकली नाही. पुढच्या गोणींचे नमुने गेले, सगळे स्वच्छ आले. फक्त पहिली गोण बाजूला काढायची होती. मिसळलेला दाणा हाच, हे दाखवायला लॅबने उरलेला मका मागितला, होता नव्हता तेवढा सगळा.

काकीने डबी माझ्या हातात रिकामी केली. तळाला चिकटलेला एक दाणा तिने नखाने सोडवला आणि तोही दिला.

‘अजून कुठे आहे, काकी? घरी? कुणाला दिलास?’

‘कोणाक नाय.’

‘काकी.’

तिने माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला तिच्या खांद्यावरची पिवळी भुकटी आठवली. गेले कितीतरी दिवस मी ती बघत होते आणि हळद समजत होते.

‘पेरलास?’

‘नागपंचमीच्या वक्ताक पेरलंय,’ ती म्हणाली. ‘कणीस धरला आसा.’

ती भांडुपच्या टेकडीवर राहते. पायऱ्या चढून मी तिच्या मागोमाग गेले तेव्हा संध्याकाळ होत होती आणि दिवाळी सरूनही घराघरांवर कंदील तसेच लटकत होते. घर एका खोलीचं. मागच्या दारी जेमतेम अंथरुणाएवढी जागा. तिथे निळ्या पिंपाचे अर्धे कापलेले दोन तुकडे होते आणि त्यात मका उभा होता. सिमेंटच्या भिंतीला टेकून, पत्र्याच्या वर डोकं काढून, हिरवागार. वर तुरे आले होते. पानांच्या बगलेत एकेक कणीस होतं आणि त्यांचे केस आता तांबूस व्हायला लागले होते. शेजारच्यांचे कपडे वाळत होते, त्यांच्यावरही तुऱ्यांतून गळलेली ती पिवळी भुकटी होती.

मी विदर्भातली. मका मला नवा नाही. पण त्या जागेत तो बघून मी उभीच राहिले.

‘रोज संध्याकाळी तेका दाखवतंय,’ काकी म्हणाली. ‘थय तेव्हा सकाळ. तो कामाक जायच्या आधी फोन करता. पयलो कोंब इलो तेव्हा म्हणालो, आई, ह्यां तर माझ्या मागच्या शेतासारख्या दिसता. मगे मी म्हटलंय, बरा झाला. तो थयसून बघता, मी हयसून बघतंय. एकच मको.’

मला तिला सांगायचं होतं की राहू दे. खरंच सांगते, जिभेवर आलं होतं. टेकडीवरच्या पिंपातला मका कुणाच्या बापाला कळणार होता? पण हे बियाणं आपल्याकडे पेरायला परवानगी नाही, पिंपात का असेना. आणि पेरणारी बाई सकाळी खांद्यावर भुकटी घेऊन माझ्याच टेबलावर बसते. कणीस पिकलं असतं, दाणे डबीत गेले असते, डबी पदराखाली गेली असती. मी तिला ओळखते. पुढचा दसरा आलाच असता.

‘काढायला लागेल, काकी.’

‘म्हायत आसा.’

‘मी काढू?’

‘नको,’ ती म्हणाली. ‘माझ्याच हातान काढतंय.’

ती लगेच उठली नाही. पिंपाच्या काठावर बसली आणि एका पानावरून हात फिरवत राहिली. मक्याचं पान कडेला धारदार असतं, हात कापतो, पण तिला ते जाणवत नव्हतं. मग म्हणाली, ‘भाजून खाल्लंय तर चलात मा? भाजल्यार परत उगवाचो नाय.’

मी विचार केला. भाजलेला दाणा उगवत नाही, हे खरं होतं. माझं काम तेवढंच होतं.

‘चालेल,’ मी म्हणाले.

‘तो ह्याच खाता थय,’ काकी म्हणाली आणि पहिल्यांदा तिच्या आवाजात जीव आला. ‘इतके म्हयने माझ्या मनात आसा. कणीस तयार झाला काय खातलंय. तो खाता ता एकदा माझ्या तोंडात जाऊक होया. मगे माका कळात, तेचा पॉट कशान भरता.’

तिने ताटं मुळासकट उपटली. एक सहज आलं, दुसऱ्याला जोर लावावा लागला. कणसं काढून बाकीचं तिने कोयत्याने बारीक तोडलं आणि पिशवीत भरलं, मी उद्या नेऊन जाळणार होते. कणसं सोलली. दाणे विरळ भरले होते, मध्येमध्ये रिकामी जागा, पण कोवळे होते. गॅसवर जाळी ठेवून ती एकेक फिरवत राहिली. खोलीभर भाजल्या मक्याचा वास सुटला आणि तेवढ्यात फोन वाजला.

सिद्धेशचा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते. वर्णनं ऐकून मला वाटलं होतं गुबगुबीत असेल. बारीक होता, दाढी वाढलेली, मागे खिडकी. खिडकीबाहेर उजाडलं होतं आणि जमीन नजर जाईल तिथवर मोकळी होती. मका कापून झाला होता, नुसती खुंटं उरली होती.

‘आई, झाडं दाखव,’ तो म्हणाला.

‘काढलंय बाबा झाडां,’ काकी म्हणाली. ‘ता सगळा मगे सांगतंय. ह्या बघ.’ तिने कणीस फोनपुढे धरलं, मीठ-लिंबू लावलं आणि दात रोवले. ती बराच वेळ चावत राहिली. ‘दाणो जरा जाड आसा. गोड काय नाय. पण बरो आसा.’

‘आई, तू ते खातेयस?’

‘तुझोच मको. आज तुझ्यावांगडा जेवतंय, समज.’

तो हसला. अगदी सहज हसला बिचारा, त्याला काय ठाऊक. ‘अगं आई, तो खायचा मका नव्हे! तो गुरांना घालतात. नाहीतर त्याचं गाडीत घालायचं इंधन करतात. इथे तो कुणी चावून खात नाही.’

मला हे माहीत होतं. पिवळ्या टपोऱ्या, खळीच्या दाण्याचं काय करतात हे मला माझ्या कामामुळे चांगलं ठाऊक होतं, पण ती जाळीवर कणीस फिरवत असताना ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

काकीचं चावणं थांबलं. तिने तोंडातला घास गिळला, कणीस ताटलीत ठेवलं आणि फोनच्या जवळ सरकली.

‘मगे तू खातंस काय?’

‘खातो गं. ब्रेड असतो. ऑफिसात मिळतं.’

‘घरात. घरात काय खातंस?’

 मला वाटलं, नेटवर्क गेलं. मग त्याचा आवाज आला. ‘आई, पेजेला पाणी किती घालायचं गं? मी दोनदा केली. बाबा गेले तेव्हा एकदा, आणि परवा. नुसता गिळगिळीत भात होतो. तुझ्यासारखी होतच नाही.’

काकीने पदराने तोंड पुसलं. तिचा आवाज एकदम निवडायच्या टेबलावरच्या बाईचा झाला.

‘तांदूळ खयचो आसा तुझ्याकडे? हाड बघू हय फोनापुढे.’

‘आत्ता? मला कामावर जायचंय.’

‘हाड म्हणतंय मा.’

तो उठून गेला. खिडकीतली ती मोकळी जमीन तेवढी दिसत राहिली. मग तो बशीत तांदूळ घेऊन आला आणि बशी कॅमेऱ्यासमोर धरली. काकीने चष्मा लावला.

‘जवळ धर. अजून जवळ. हो जुनो तांदूळ आसा, हेका पाणी जास्त लागतला. आणि आधी निवडून घे, बघ, थय तुकडो आसा, आणि तो काळो, तो काढ.’ तिचं बोट स्क्रीनवर फिरायला लागलं, दाणा दाणा बाजूला सारत. तिकडे तोही मान खाली घालून ती म्हणेल तो दाणा उचलत होता. ‘तो नव्हे रे, तेच्या बाजूचो.’

फोन मी धरला, कारण तिला दोन्ही हात लागत होते.